नुसती बचत का पुरेनाशी झाली

दसऱ्याच्या दिवशी आईने पलंगाखालची ट्रंक पुढे ओढली. लालबागच्या खोलीतली ही पत्र्याची ट्रंक वर्षातून एकदाच बाहेर येते. आई आतल्या डांबरगोळ्या बदलते, साड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालते आणि ट्रंक मागे ढकलून देते. या वेळी तिने मला आणि माझ्या भाच्याला मुद्दाम बोलावलं होतं. आई ब्याऐंशीची आहे. "कुठे काय आहे ते एकदा डोळ्यांखालून घाला," म्हणाली.

साड्यांच्या खाली एक प्लास्टिकची पिशवी होती. पोस्टाचं पासबुक, आयुर्विम्याची जुनी पॉलिसी, युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेचं पिवळं पडलेलं सर्टिफिकेट, बाबांचं गिरणीतलं ओळखपत्र, भिशीची वही. आणि सराफाच्या गुलाबी कागदात गुंडाळलेली सहा वेढणी, म्हणजे सोन्याच्या साध्या अंगठ्या. दर दोन-तीन वर्षांनी, गुरुपुष्यामृत गाठून, आईने एकेक करून घेतलेली. वेढण्याला घडणावळ फारशी लागत नाही, त्यामुळे मोडताना घट कमी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

भाच्याने मोबाईल काढला आणि सगळ्याची बेरीज मांडायला लागला. सोन्याचा आजचा भाव, पासबुकातली शिल्लक. मग स्वतःच्या एसआयपीचे, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवायच्या पद्धतीचे, आकडे दाखवायला लागला. आई बराच वेळ ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही पोरं उठसूट पैशाचंच काय बोलता रे? आमच्या वेळी असं कुणी बोलत नव्हतं."

ती रागावली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. मी अठ्ठावीस वर्षं एका पतसंस्थेच्या काउंटरमागे काढली. आईसारख्या बाया आणि भाच्यासारखी पोरं, दोघांचे पैसे मी मोजून घेतले आहेत. आई भाबडी नव्हती आणि भाचा हावरट नाही. या दोघांच्या मध्ये जे बदललं ते माणसाच्या स्वभावात कमी आणि व्यवस्थेत जास्त बदललं. ते काय, हे आईला सांगायचा प्रयत्न केला, तोच इथे लिहिते आहे.

सुरुवात भिशीपासून करते, कारण पैशाचं सगळं शास्त्र त्या वहीत आहे.

आमच्या चाळीत भिशी आई चालवायची. वीस बायका, प्रत्येकीचे महिन्याला शंभर रुपये. दर महिन्याला दोन हजार जमायचे. डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, एखाद्या लहान पोराला उचलायला लावायची, जिचं नाव निघेल तिला ते दोन हजार. तिची चिठ्ठी बाजूला व्हायची, पण विसावा महिना संपेपर्यंत शंभर रुपये तिनेही भरत राहायचे. कुणाचा हप्ता थकला तर आई तिच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक फुली मारायची. पैसे आले की खोडायची. शाईने तिने कधी फुली मारली नाही.

कागदावर पाहिलं तर वीस महिन्यांत प्रत्येकीने दोन हजार भरले आणि प्रत्येकीला दोन हजार मिळाले. कुणाचा फायदा नाही, कुणाचा तोटा नाही. पण चाळीतल्या बायका तसं मानत नसत. पहिली चिठ्ठी निघाली की पेढे वाटले जायचे आणि जिची शेवटपर्यंत निघायची नाही ती हिरमुसून बसायची. आज हातात पडणारे दोन हजार आणि वीस महिन्यांनी पडणारे दोन हजार एकच नव्हेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पहिलीला ते बिनव्याजी कर्ज होतं. त्यात तिने शिलाई मशीन घेतलं तर उरलेले एकोणीस महिने मशीनच हप्ता कमावून द्यायचं. शेवटचीची ती बिनव्याजी बचत होती. लिलावाची भिशी असली तर एखादी नडलेली बाई म्हणायची, "मला अठराशेच द्या, पण आज द्या." तिने सोडलेले दोनशे बाकीच्यांत वाटले जायचे. ते दोनशे म्हणजेच व्याज. पैशाला वेळेची किंमत असते, हा अर्थशास्त्रातला पायाचा धडा गिरणगावात असा जिन्याच्या पायरीवर बसून शिकला जायचा.

मग हे सगळं समजणारी माणसं संपत्ती वाढवण्याच्या मागे का लागली नाहीत? मला वाटतं, त्यांना तशी गरज कमी पडायची. आयुष्यातले मोठे खर्च आईच्या वहीत नव्हतेच. १९४७ च्या भाडे कायद्याने खोलीचं भाडं जवळजवळ गोठवून टाकलं होतं. आजारपणाला केईएम होतं. शाळा महापालिकेची होती. बाबांचा प्रॉव्हिडंट फंड गिरणीत कापला जायचा आणि १९७२ च्या कायद्यापासून ग्रॅच्युइटीही मिळणार होती. ज्यांच्या घरात सरकारी नोकरी होती त्यांना तर मरेपर्यंत पेन्शन, नंतर बायकोला. म्हातारपणाची, घराची, औषधाची जोखीम बरीचशी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर होती. उरल्या फक्त सणवार, लग्नं आणि अडीनडी. त्यासाठी साठवणं पुरायचं.

शिवाय साठवलेल्यावर व्याज चांगलं होतं. आईने १९८८ साली नवीनच निघालेलं किसान विकास पत्र घेतलं. साडेपाच वर्षांत दामदुप्पट. पीपीएफला, म्हणजे सरकारी भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला, १९८६ पासून २००० च्या जानेवारीपर्यंत १२ टक्के मिळत होते. आज पीपीएफला ७.१ टक्के आहेत आणि किसान विकास पत्र दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात, म्हणजे नऊ वर्षं सात महिने.

हे तोंडी मोजायची एक सोपी युक्ती आहे. ७२ ला व्याजदराने भागा, तितक्या वर्षांत रक्कम दुप्पट होते. १३ टक्क्यांनी साधारण साडेपाच वर्षं, साडेसातने साडेनऊ. काउंटरवर मी हे शेकडो जणांना सांगितलं आहे आणि प्रत्येक वेळी समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी लख्ख झालेलं पाहिलं आहे.

मात्र तेव्हा महागाईही आजच्यापेक्षा जास्त होती, हे सोडून द्यायचं नाही. जुने व्याजदर आठवून हळहळणाऱ्यांना मी नेहमी हे सांगते. व्याजातून महागाई वजा केल्यावर जे हातात उरतं तेवढंच खरं.

जोखीम दुसऱ्याच्या डोक्यावर असण्याची ही ढाल पहिल्यांदा फुटली ती १८ जानेवारी १९८२ ला. गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. बाबांची नोकरी त्यातच गेली. आईच्या वेढण्यांतली चार तेव्हा मोडली, आज दिसली ती सहा नंतरची. पण आमच्या पिढीने त्यातून धडा काय घेतला? चिकटून राहता येईल अशी नोकरी शोधायची. बँक, पोस्ट, रेल्वे, महापालिका. धोका नको, हाच संस्कार पक्का झाला.

मग ती नोकरीही बदलली. महाराष्ट्र सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. केंद्रात हे १ जानेवारी २००४ पासूनच झालं होतं. जुन्या पेन्शनमध्ये शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम ठरलेली असायची, बाजार वर असो की खाली. नव्या पद्धतीत तुम्ही आणि सरकार दरमहा किती भरणार ते ठरलेलं, शेवटी किती मिळणार ते बाजार ठरवणार. पूर्वी 'मिळणार किती' पक्कं होतं, आता 'भरायचं किती' एवढंच पक्कं. बाजार पडला तर कोण सोसणार, याचं उत्तर त्या एका तारखेने बदललं. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी याच मागणीसाठी संपावर गेले आणि सरकारने पुढे सुधारित योजना आणली. त्या संपाकडे अनेकांनी लोकांची गैरसोय म्हणून पाहिलं. मला त्यात घाबरलेली माणसं दिसली.

खासगी नोकरीत तर पेन्शन नावापुरतीच. कर्मचारी पेन्शन योजनेचं सूत्र असं आहे: पेन्शनला धरला जाणारा पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. हा पगार कितीही धरत नाहीत. २०१४ साली त्याची मर्यादा १५ हजार झाली. आता हिशोब करा. ३५ वर्षं राबलेल्या माणसाचे १५ हजार गुणिले ३५ भागिले ७०, म्हणजे महिन्याला साडेसात हजार. खरा पगार लाखभर असला तरी त्या मर्यादेवर हेच. मुंबईत साडेसात हजारांत म्हातारपण काढून दाखवा.

भाचा ऐरोलीला एका आयटी कंपनीत आहे. दर दोन वर्षांनी नोकरी बदलतो. खोलीचं भाडं गोठलेलं नाही, दर अकरा महिन्यांनी वाढतं. आजारपणाचा विमा कंपनीचा, नोकरी गेली की तोही गेला. आईच्या वहीत नसलेले सगळे खर्च त्याच्या वहीत आहेत. म्हणून तो पैशाबद्दल बोलतो. त्याला बोलावंच लागतं.

आता मुद्दलाचं बघू. "बँकेत ठेवलेत, सुरक्षित आहेत," हे वाक्य मी लाख वेळा ऐकलं असेल. एक लाखाची मुदत ठेव धरा, ७ टक्क्यांनी, वीस वर्षं. दर वर्षी २० टक्के कर गेला तर हातात उरतात ५.६ टक्के. वीस वर्षांनी होतात तीन लाखांना थोडे कमी. आनंद होतो. पण महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आज लाखात येणारी वस्तू तेव्हा तीन लाख वीस हजारांना मिळेल. म्हणजे आकडा तिप्पट झाला आणि पैसे मात्र आटले. मुद्दलाला कुणी हात लावला नाही, चोरी झाली नाही, बँक बुडाली नाही, तरीही. ज्याचा कर कमी किंवा शून्य, त्याचं जरा बरं. पण बचत आणि वाढ यांतला फरक या एका उदाहरणात येतो.

बँकेवरूनच आणखी एक, मला कळकळीने सांगायचं आहे. बँकेतल्या ठेवींना दर ठेवीदारामागे, दर बँकेत, व्याज धरून ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पर्यंत तो एक लाखच होता. सहकारी बँकांनाही तो लागू आहे. पतसंस्थेला, पतपेढीला मात्र हा विमा नाही. पाटी सारखीच दिसते, काउंटर सारखंच असतं, पिग्मी, म्हणजे रोजची छोटी बचत, गोळा करणारा मुलगा रोज दुकानावर येतो म्हणून घरचा वाटतो. मी स्वतः पतसंस्थेत आयुष्य काढलं, चांगल्या पतसंस्था पाहिल्या आहेत, तरीही आयुष्याची पुंजी एकाच पतपेढीत ठेवणाऱ्यांना मी हात जोडून सांगायची की निम्मी तरी दुसरीकडे न्या.

तरीही मराठी घरांत शेअरबाजार म्हणजे जुगार, हे इतकं खोल का गेलं? बाजार तर आपल्याच शहरात आहे. दलाल स्ट्रीटवरची संस्था १८७५ ची. आणि त्याच्याही आधी, १८६५ साली, मुंबई एकदा पार होरपळून निघाली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशावर बॅक बेच्या भरावाच्या कंपनीपासून नाही नाही त्या कंपन्यांचे शेअर फुगले आणि युद्ध संपताच सगळं कोसळलं. पण आमच्या घराघरांत बसली ती भीती १९९२ ची. त्या एप्रिलमध्ये सेन्सेक्स, म्हणजे मुंबई बाजाराचा निर्देशांक, ४,४०० च्या वर गेला, दलाल हर्षद मेहताचा घोटाळा उघडकीला आला आणि वर्षभरात बाजार निम्म्याच्या आसपास आला. माझ्या ओळखीत एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नाचे पैसे घातले होते. पुढे कित्येक वर्षं त्या घरात शेअर हा शब्द कुणी काढत नसे.

दुसरा घाव आईच्या पिशवीत आहे. यूएस-६४ ही १९६४ साली निघालेली युनिट ट्रस्टची योजना. लोक तिला ठेवच समजत. एजंटही तसंच सांगत. खरं तर तिचे पैसे शेअर बाजारात होते, पण युनिटची किंमत आतल्या मालमत्तेच्या खऱ्या भावाशी बांधलेली नव्हती, ट्रस्ट ती जाहीर करायचा. बाहेर दाखवलेला भाव आणि आतला माल यांत अंतर पडत गेलं आणि जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली गेली. नंतर सरकारने मार्ग काढला. आईला तिचे पैसे मिळाले, पण विश्वास परत आला नाही. ते सर्टिफिकेट तिने का ठेवलंय, मी विचारलं. "आठवण म्हणून," म्हणाली.

या दोन घावांच्या काळात आणि नंतर नियम खूप बदलले. शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला १९९२ मध्ये कायद्याचे अधिकार मिळाले. १९९६ पासून कागदी शेअर जाऊन डीमॅट, म्हणजे शेअरचं संगणकावरचं खातं, आलं, त्यामुळे खोटी सर्टिफिकेटं, हरवलेल्या सह्या हा सगळा गोंधळ संपला. म्युच्युअल फंडाला आता युनिटची किंमत आतल्या मालाच्या रोजच्या भावावरूनच काढावी लागते. हे बदल लोकांपर्यंत पोचायला मात्र मोबाईल यावा लागला. मार्च २०२० मध्ये देशात चार कोटींच्या आसपास डीमॅट खाती होती, ऑगस्ट २०२२ मध्ये ती दहा कोटींवर गेली. एसआयपीतून २०१६-१७ च्या पूर्ण वर्षात सुमारे ४४ हजार कोटी आले होते, २०२३-२४ मध्ये जवळपास दोन लाख कोटी.

एसआयपी ही योजना नाही, पैसे भरायची पद्धत आहे, हे आधी डोक्यात पक्कं करावं. म्युच्युअल फंड म्हणजे अनेकांच्या वर्गणीतून एका व्यवस्थापकाने घेतलेले शेअर किंवा रोखे. तुमच्या वाट्याला येतात ती युनिटं. दरमहा पाच हजार भरता. पहिल्या महिन्यात युनिटचा भाव ५०, मिळाली १०० युनिटं. दुसऱ्या महिन्यात बाजार पडला, भाव ४०, मिळाली १२५. तिसऱ्यात पुन्हा ५०, मिळाली १००. एकूण भरले १५ हजार, युनिटं ३२५, किंमत १६,२५०. भाव होता तिथेच आला, तरी साडेबाराशे वर. पडलेल्या महिन्यात जास्त माल पदरात पडला म्हणून. भाव पडला की जास्त घेऊन ठेवणाऱ्या बायकांना हे समजवावं लागत नाही.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती फसवणूक होईल. भाव परत वर आलाच नाही तर हे गणित चालत नाही. १९७८-७९ साली १०० धरलेला सेन्सेक्स जुलै २०२४ मध्ये ८० हजारांवर पोचला, म्हणजे लाभांश न धरता वर्षाला सरासरी १६ टक्के. पण सरासरी ही सरासरी असते. एप्रिल १९९२ च्या शिखरावर एकरकमी पैसे घातलेल्याला ११ वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, सेन्सेक्स त्याहून खालीच दिसत होता. २००८ च्या जानेवारीत २१ हजारांना टेकलेला सेन्सेक्स त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठ-नऊ हजारांपर्यंत आला. म्हणून पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारा पैसा तिथे नको. पोराची फी, आईचं ऑपरेशन, घराचा हप्ता हे ठेवीतच बरं. आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय बाजाराकडे बघूही नये.

त्या दिवशी बेरीज चालू असताना भाच्याचा फोन चटईवर उघडाच राहिला. एसआयपीचं ॲप नव्हतं ते, दुसरं होतं. वर लाल अक्षरांत एक लाख त्र्याऐंशी हजार, मागे वजा चिन्ह. मी त्याच्याकडे पाहिलं. तो उठून गॅलरीत आला आणि हळूच म्हणाला, "मावशी, घरी कुणाला सांगू नकोस." बोनस गेला होता त्यात. ऑप्शन.

ऑप्शन म्हणजे काय? समजा तुम्ही परळला एक खोली बघितली, भाव एक कोटी. महिनाभरात याच भावाने घ्यायचा हक्क राहावा म्हणून तुम्ही एक लाख विसार दिला. विसार परत मिळणार नाही आणि किमतीतही धरला जाणार नाही. महिन्यात भाव एक कोटी पाच लाख झाला तर तुमचे चार लाख सुटले. भाव तिथेच राहिला किंवा पडला तर लाख गेला. एक कोटी एक लाख झाला तरी तुम्ही फक्त बरोबरीत. म्हणजे भाव नुसता वाढून चालत नाही, ठरल्या मुदतीत आणि पुरेसा वाढावा लागतो. आणि मुदत महिन्याचीच नाही, आठवड्याचीही असते.

हा हक्क लोकलच्या पासासारखा आहे. पहिल्या तारखेला काढलेला पास तुम्ही वापरा नाहीतर घरी बसा, रोज त्यातला एक दिवस संपतो. महिनाअखेरीला तो कागद असतो. ऑप्शन विकत घेणाऱ्याच्या विरुद्ध घड्याळ धावत असतं. विकणाऱ्याच्या बाजूने ते धावतं, पण भाव भलताच उसळला तर त्याचा तोटा कुठे थांबेल सांगता येत नाही, म्हणून तिथे मोठं भांडवल असलेल्या संस्थाच टिकतात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा हिशोब मांडला. या व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून जास्त व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात. तोटा सरासरी दोन लाखांच्या आसपास, एकत्रित १.८ लाख कोटींवर. तीनचतुर्थांशाहून अधिक लोकांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत सांगितलेलं. आणि २०२३-२४ मध्ये त्यांतले ४३ टक्के तिशीच्या आतले, म्हणजे माझ्या भाच्यासारखे.

एसआयपी आणि ऑप्शन एकाच फोनवर, एकाच बोटाच्या अंतरावर असतात. त्यामुळे पोरांना दोन्ही गुंतवणूकच वाटतात. एकात तुम्ही कंपन्यांच्या कमाईत वाटा घेता, दुसऱ्यात तुमचा फायदा तो समोरच्याचा तोटा. नव्या वृत्तीत मला खुपतं ते एवढंच. पैशाबद्दल मोकळेपणा आला, पण घाईही आली. आणि घाईत फक्त पोरंच नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दादरला एका दागिन्यांच्या दुकानाबाहेर लोकांची झुंबड उडाली होती, आठवड्याला व्याज देतो म्हणून पैसे घेतलेले मालक पसार झाले होते. भाजीवाल्यांपासून नोकरदारांपर्यंत सगळे त्यात. आठवड्याला पाच टक्के म्हणजे वर्षात रकमेच्या बारापटीहून जास्त. इतकं कुठल्याही प्रामाणिक धंद्यात सुटत नाही. हा गुणाकार एकदा कुणी करून दाखवला असता तर कितीतरी घरं वाचली असती.

घराबद्दल थोडं. मुंबईत संपत्ती म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घरच येतं. बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर मिळतंय. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हातात चाव्या पडल्या. गिरणी कामगारांच्या नातवंडांना टॉवरमध्ये शिरताना पाहिलं की माझे डोळे भरून येतात. पण राहतं घर हा खर्चाला लागणारा पैसा नव्हे. आमच्या ओळखीचे एक काका परळला पुनर्विकासात मोठ्या घरात गेले. घराची किंमत कोटीत, पेन्शन साडेतीन हजार, आणि सोसायटीचा मेंटेनन्स त्याहून जास्त. भिंतीतली वीट मोडून औषध आणता येत नाही. शेवटी घर विकून ते बदलापूरला गेले आणि उरलेले पैसे मुलांत वाटून टाकले. आता त्यांचं सगळं मुलांवर आहे.

आईच्या पिशवीतलं सगळ्यात अवघड काम शेवटी निघालं. पासबुकावर नॉमिनी म्हणून बाबांचं नाव होतं. बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. अशी किती पासबुकं या शहरातल्या किती ट्रंकांत असतील. मार्च २०२४ अखेर देशातल्या बँकांच्या ज्या ठेवींवर कुणी हक्कच सांगितला नव्हता त्या ७८ हजार कोटींवर होत्या. पैसा चोराने नेला नाही, घरात कुणी बोललं नाही म्हणून गेला.

शिवाय नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे ताब्यात घेऊन खऱ्या वारसांकडे पोचवणारा तो विश्वस्त. शेअरच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. कुणाला काय जावं हे मृत्युपत्रातच लिहावं लागतं. साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदार लागतात. आणि बायांनो, महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. हक्कसोडपत्रावर सही करायची तर करा, पण काय सोडता आहात ते वाचून करा.

मी हे सगळं सांगून थांबले तेव्हा दिवेलागण झाली होती. आईने भिशीची वही उघडली. मागची पानं कोरी होती. "लिहून काढ," म्हणाली. मी एकेक ओळ लिहीत गेले. पासबुक, पॉलिसी, वेढणी सहा, कुठल्या कागदावर कुणाचं नाव बदलायचं. पान भरल्यावर तिने वही भाच्यापुढे सरकवली. "तुझंही लिही यात."

त्याने एसआयपी लिहिली. प्रॉव्हिडंट फंड लिहिला. मग पेन हातात धरून थोडा वेळ बसला, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: ऑप्शन, वजा एक लाख त्र्याऐंशी हजार.

आईने चष्मा लावून ते वाचलं. "कधी झालं?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, "तीन महिने झाले, आजी." ती उठली, देव्हाऱ्याखालच्या खणातून पेन्सिल काढून आणली आणि त्या ओळीपुढे एक बारीक फुली मारली.